नीट मोडण्याची परीक्षा

पुलाची तुळई, क्रेनचा आकडा किंवा लिफ्टचा दोर यांच्यासाठी पदार्थ निवडताना अभियंत्याचा प्रश्न एकच असतो, तो म्हणजे किती भार पडेपर्यंत हा तुटणार नाही. मोटारीच्या पुढच्या भागात, बंपरच्या मागे, ज्या दोन लांबट पोकळ तुळया बसवलेल्या असतात त्यांच्याबाबतीत मात्र हा प्रश्न उलटा विचारावा लागतो, कारण टक्कर झाली की त्यांनी मोडायचेच असते. त्या कशा, किती वेळात आणि केवढा जोर सोसत मोडतील एवढेच आधी ठरवून ठेवायचे असते. पोलादी पत्र्याची तुळई हे काम घड्या पडत पडत, लोहाराच्या भात्यासारखी मिटत जाऊन करते आणि धातूचा हा स्वभाव अभियंत्यांच्या चांगला अंगवळणी पडलेला आहे. तंतूंनी बळकट केलेले प्लास्टिक असे मिटत नाही. ते तडकते, चिरते, त्याचा भुगा होतो, आणि तरीही हलकेपणाचा हिशेब धरला तर टकरीची ऊर्जा जिरवण्यात ते पोलादाला मागे टाकू शकते. वरवर ठिसूळ दिसणाऱ्या पदार्थाकडून हे काम कसे करून घ्यायचे आणि तो ते करील याची खात्री आधी कशी पटवायची, हा या पदार्थांच्या यांत्रिक चाचण्यांचा विषय आहे.

ऊर्जा जिरवणे म्हणजे नेमके काय, हे साध्या आकड्यांतून कळते. १,००० किलोग्रॅम वजनाची छोटी मोटार ताशी ५६ किलोमीटर वेगाने जात असेल तर तिच्यात सुमारे १२१ किलोज्यूल गतिज ऊर्जा साठलेली असते, आणि मोटार भिंतीवर आदळून थांबते तेव्हा ही सगळी ऊर्जा कशात तरी खर्च व्हावी लागते. पुढचा भाग ६० सेंटिमीटर दबून मोटार थांबली, आणि त्या संपूर्ण अंतरात विरोध करणारे बल एकसारखे राहिले, तर आतील माणसांच्या वाट्याला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २० पट मंदन येते आणि सारा खेळ एका सेकंदाच्या तेराव्या हिश्श्यात आटोपतो. बल एकसारखे राहिले नाही, म्हणजे सुरुवातीला फार वाढून मग एकदम कोसळले, तर त्या पहिल्या उसळीचा तडाखा बरगड्यांना बसतो आणि उरलेले अंतर फुकट जाते. टकरीत मोडणाऱ्या भागाकडून म्हणूनच ताकदीपेक्षा एकसारखेपणाची अपेक्षा अधिक असते.

मराठी बोलण्यात ज्याला सरसकट ‘फायबर’ म्हणतात, ज्याच्या पाण्याच्या टाक्या गच्च्यांवर आणि होड्या कोकणच्या बंदरांत दिसतात, तो पदार्थ प्रत्यक्षात दोन घटकांचा असतो. एक घटक म्हणजे काचेचे, कार्बनचे किंवा ॲरामिड या जातीच्या चिवट कृत्रिम पदार्थाचे तंतू, आणि दुसरा म्हणजे त्यांना धरून ठेवणारी राळ, जी पॉलिएस्टर, इपॉक्सी किंवा अन्य प्रकारची असते. कार्बनचा एक तंतू साधारण ७ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या दहाव्या भागाएवढा जाड असतो. असे हजारो तंतू एका दिशेने निजवून, राळेत भिजवून, त्यांचे पातळ थर वेगवेगळ्या कोनांत एकावर एक रचून कडक केले की पत्रा, नळी किंवा तुळई तयार होते. घडवलेल्या पोलादाची ताकद सर्व दिशांना जवळजवळ सारखी असते. या पदार्थाची ताकद तंतूंच्या दिशेने अफाट आणि आडव्या दिशेने केवळ राळेएवढी, म्हणजे नगण्य असते. त्यामुळे ‘या पदार्थाची ताकद किती’ हा प्रश्न इथे अपुरा ठरतो. कोणत्या दिशेने, ताणात की दाबात, किती थरांची आणि कोणत्या कोनांची रचना असताना, हेही विचारावे लागते.

चाचण्यांची सुरुवात पट्टीएवढ्या नमुन्यापासून होते. ताणाच्या चाचणीसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी मानकात एकाच दिशेच्या तंतूंचा नमुना २५० मिलिमीटर लांब, १५ मिलिमीटर रुंद आणि जेमतेम १ मिलिमीटर जाड असावा, असे सुचवलेले आहे. यंत्राचे दातेरी जबडे या पट्टीला थेट धरू लागले तर दात तंतूंत रुततील आणि पट्टी जबड्यातच तुटेल, म्हणून तिच्या दोन्ही टोकांना काचतंतूंच्या पत्र्याचे छोटे तुकडे चिकटवतात. चाचणी फसण्याची निम्मी कारणे या चिकटवण्यात आणि पट्टी जबड्यांत तिरकी बसण्यात दडलेली असतात. यंत्र मिनिटाला २ मिलिमीटर या संथ चालीने पट्टी ओढू लागते, आधी काही वेळ काहीच घडत नाही, मग बारीक चटचट ऐकू येऊ लागते, कारण आतले एकेक दुबळे तंतू तुटत असतात, आणि अखेरीस पट्टी बार उडाल्यासारखा आवाज करून केरसुणीच्या काड्यांसारखी विस्कटते. चाचणी करणारे डोळ्यांना चष्मा लावून पारदर्शक पडद्यामागे उभे राहतात ते याच क्षणासाठी. २,००० मेगापास्कल ही चांगल्या कार्बन-इपॉक्सीच्या आवाक्यातली ताकद धरली, तर बोटाएवढ्या रुंदीची ही पट्टी ३० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ३ टन भार पेलते. तीच पट्टी तंतू आडवे ठेवून कापली तर तिची ताकद ५० मेगापास्कलच्या आसपास उतरते आणि एक धडधाकट माणूस लोंबकळला तरी ती तुटू शकते.

दाबाची चाचणी ताणाच्या चाचणीपेक्षा कठीण आहे. पातळ पट्टी दाबली की ती चिरडण्याआधी वाकते, म्हणून तिला दोन्ही बाजूंनी आधार देणारा साचा लागतो. तो फार घट्ट आवळला तर त्याचे घर्षणच भार पेलते आणि सैल ठेवला तर पट्टी वाकते. शिवाय थरांतले तंतू एखाददुसऱ्या अंशाने जरी वाकडे निजलेले असले तरी दाबाखाली तेथेच त्यांचा पट्टा कोलमडतो, आणि म्हणून दाबातली ताकद ताणातल्या ताकदीपेक्षा बहुधा कमी भरते. यांच्या जोडीला कर्तनाच्या चाचण्या असतात, ज्यांत थर एकमेकांवरून सरकवण्याचा प्रयत्न होतो, आणि थर सुटण्याच्या चाचण्या असतात, ज्यांत दोन थरांच्या मध्ये मुद्दाम फट ठेवून त्यांना पुस्तकाच्या पानांसारखे उलगडतात आणि ती फट पुढे सरकायला किती ऊर्जा लागते हे मोजतात. टकरीच्या दृष्टीने ही शेवटची चाचणी विशेष मोलाची असते.

मात्र एवढ्या साऱ्या चाचण्यांचे आकडे हाती असले, तरी त्यांवरून त्याच पदार्थाची नळी टकरीत कशी चिरडेल हे सांगता येत नाही. या क्षेत्रातली सगळी अडचण आणि सगळी मौज इथे आहे. पट्टी केव्हा तुटते हे पट्टीची चाचणी सांगते. तुटल्यानंतर काय होते यात तिला रस नसतो, आणि टकरीतली जवळजवळ सगळी ऊर्जा तर तुटायला सुरुवात झाल्यानंतरच जिरते. म्हणून नळी उभी करून ती वरून चिरडण्याची स्वतंत्र चाचणी करावी लागते.

उदाहरणादाखल ५० मिलिमीटर व्यासाची आणि २ मिलिमीटर जाडीच्या भिंतीची कार्बन-इपॉक्सीची नळी घ्यावी. तिची दोन्ही टोके सपाट ठेवून दाबली तर बल झपाट्याने चढत जाते आणि मग नळी मधोमध आडवी फुटून तिचे दोन तुकडे होतात. आलेखावर एक उंच सुळका आणि त्यापुढे सपाट मैदान दिसते, म्हणजे प्रवाशांना सुरुवातीला जबर हिसका आणि नंतर काहीच संरक्षण नाही. तीच नळी, वरच्या टोकाची कड कानशीने ४५ अंशांत तिरकी उतरवून, पुन्हा दाबली की चित्र पालटते. त्या पातळ कडेवर बल एकवटते, तिथला अंश आधी मोडतो, मग त्याच्या खालचा, आणि मोडण्याची एक अरुंद रेघ नळीवरून संथपणे खाली उतरू लागते, तर तिच्या खालचा भाग अखेरपर्यंत शाबूत राहतो. आलेखावर आता बलाची रेषा एका उंचीला चढून करवतीच्या दात्यांसारखी वरखाली होत तिथेच रेंगाळते. सरासरी बल ३० किलोन्यूटन राहिले आणि नळी ५० मिलिमीटर चिरडली, तर दीड किलोज्यूल ऊर्जा जिरते, आणि चिरडलेल्या तुकड्याचे वजन असते अवघे २५ ग्रॅम. दीडशे किलोचे ओझे एक मीटर उंचीवरून पडण्याइतकी ही ऊर्जा आहे. कड उतरवण्याच्या या युक्तीला इंग्रजीतून आलेला ‘ट्रिगर’ हाच शब्द रूढ आहे. काही ठिकाणी टोक ट्यूलिपच्या पाकळ्यांसारखे कातरूनही तोच परिणाम साधतात.

नळीच्या त्या अरुंद पट्ट्यात काय चाललेले असते, याची उकल १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून होत गेली. फोर्ड कंपनीतले पी. एच. थॉर्नटन यांनी १९७९ मध्ये अशा नळ्यांच्या ऊर्जाशोषणावर निबंध प्रसिद्ध केला, अमेरिकेत लँगली येथे गॅरी फार्ली यांनी हेलिकॉप्टरांच्या सुरक्षेसाठी अनेक प्रकारच्या नळ्या चिरडून पाहिल्या, आणि ब्रिटिश पदार्थवैज्ञानिक डेरेक हल यांनी १९९१ मध्ये या साऱ्याची एकत्र मांडणी केली. चिरडण्याचे दोन मुख्य प्रकार तेव्हापासून मानले जातात. पहिल्यात नळीची भिंत मधून चिरते आणि तिचे थर आत-बाहेर वळून फुलत जातात. कडुनिंबाची काडी दातांनी चावली की तिच्या टोकाचा जसा कुंचला होतो तसेच हे दृश्य असते. दुसऱ्यात वळायला जागाच न मिळालेल्या थरांचे बारीक तुकडे होत जातात. ऊर्जा खर्च होते ती तंतू तुटण्यात, थर सुटण्यात, राळ तडकण्यात आणि, हे बहुतेकांना अनपेक्षित वाटेल, नुसत्या घासण्यात. मोडलेले थर दाबणाऱ्या पृष्ठावर आणि एकमेकांवर घासतात, त्या घर्षणाचा वाटा फार मोठा असतो. ॲरामिडच्या नळ्या मात्र या दोन्ही प्रकारांत बसत नाहीत. त्यांचे तंतू दाबाखाली तुटण्याऐवजी वाकतात आणि नळी धातूसारख्या घड्या घालत मिटते, त्यामुळे ऊर्जा कमी जिरते, पण तुकडे विखुरत नाहीत.

जिरलेल्या ऊर्जेला चिरडलेल्या वजनाने भागले की जो आकडा मिळतो त्याला विशिष्ट ऊर्जाशोषण म्हणतात, आणि या क्षेत्रात बढाई मारायची तर याच आकड्याने मारतात. पोलादी नळ्यांसाठी तो किलोग्रॅममागे साधारण १५ ते २० किलोज्यूल, ॲल्युमिनियमसाठी २० ते ३०, कार्बन-इपॉक्सीसाठी ५० ते ८० असतो, आणि ‘पीक’ नावाच्या, तापवल्यावर वितळणाऱ्या चिवट प्लास्टिकात कार्बन तंतू बसवले तेव्हा प्रयोगशाळेत १८० च्या आसपासचा आकडा मिळालेला आहे. त्या प्लास्टिकात थर सहजी सुटत नाहीत, म्हणून हा फरक. थर उलगडण्याच्या चाचणीचे मोल इथे वसूल होते. तरीही हा आकडा पदार्थाचा गुणधर्म समजणे चूक आहे, आणि जाहिरातींतून तो तसाच छापला जातो. तोच कार्बन, तीच राळ आणि थरांची तीच रचना ठेवून गोल नळीऐवजी चौकोनी नळी घेतली तर आकडा घसरतो, कारण चौकोनाच्या सपाट बाजू सहज बाहेर झुकतात आणि कोपऱ्यांएवढी ऊर्जा खात नाहीत. सपाट पट्टी घेतली तर तो आणखी घसरतो. नळीची जाडी, तंतूंचे कोन, ट्रिगरचा आकार, चिरडण्याचा वेग, यांपैकी काहीही बदलले की आकडा बदलतो. तेव्हा जिची परीक्षा होते ती रचना असते, आणि पदार्थ हा तिचा एक घटक असतो.

हे ज्ञान सामान्य मोटारीत येण्याआधी शर्यतीच्या मोटारींत वापरले गेले. १९८१ मध्ये मॅक्लारेन संघाने जॉन बर्नार्ड यांनी आखलेली ‘एमपी४/१’ ही मोटार उतरवली, तेव्हा फॉर्म्युला वनमध्ये कार्बन तंतूंचा सांगाडा प्रथमच आला. तो अमेरिकेतल्या हर्क्युलिस या विमान-क्षेपणास्त्र क्षेत्रातल्या कंपनीने बनवून दिला होता, आणि पहिल्या धडकेत या ठिसूळ वस्तूचा चुरा होईल अशी शंका अनेकांना होती. त्याच वर्षी इटलीत मॉन्झा येथे जॉन वॉटसन यांची मोटार जोरात आदळली, तिचे इंजिन वेगळे होऊन पडले, आणि वॉटसन मात्र सांगाड्यातून सुखरूप बाहेर आले. शंका त्या दिवशी बरीचशी मिटली, पण एका अपघाताने सिद्ध काहीच होत नाही. १९८५ पासून या शर्यतींत मोटारीला पुढून आदळण्याची चाचणी सक्तीची झाली तेव्हा नशिबाची जागा मोजमापाने घेतली. २०२० मध्ये बहारीनच्या शर्यतीत रोमां ग्रोझां यांची मोटार ताशी १९२ किलोमीटर वेगाने कठड्यावर आदळून दुभंगली आणि पेटली, तरी ते ज्यात बसले होते तो कार्बनचा कोश टिकला. डोक्यावरचा ‘हेलो’ हा टायटॅनियमचा कठडा त्यांच्या कामी आला तो वेगळाच.

रस्त्यावरच्या मोटारींत या विचाराचे देखणे उदाहरण २००३ सालच्या मर्सिडीज-बेंझ एसएलआर मॅक्लारेनमध्ये सापडते. तिच्या नाकात कार्बन तंतूंच्या दोन निमुळत्या नळ्या होत्या, प्रत्येकी ६२० मिलिमीटर लांब आणि सुमारे ३.४ किलोग्रॅम वजनाच्या. नळीचे छेदक्षेत्र मागे मागे वाढत जाईल अशी रचना असल्यामुळे, पुढून चिरडत जाताना मंदन ठरवलेल्या पातळीवर राखता येत असे. २०१३ मध्ये बीएमडब्ल्यू कंपनीने ‘आय३’ या मोटारीत प्रवाशांचा सगळा कक्ष कार्बनचा केला, परंतु खालचा सांगाडा, ज्यावर टकरीची ऊर्जा मुख्यतः सोपवली होती, तो ॲल्युमिनियमचाच ठेवला. कोणत्या पदार्थाने मोडायचे आणि कोणत्याने टिकायचे, याची ही वाटणी विचारपूर्वक केलेली होती.

वेगाचा प्रश्न अजून चिवट आहे. जबड्याचे यंत्र मिनिटाला २ मिलिमीटर चालते आणि टक्कर सेकंदाला १५ मीटर वेगाने होते. या दोहोंत लाखो पटींचे अंतर आहे. काचतंतू वेगाने ओढले की त्यांची ताकद वाढते, कार्बनच्या तंतूंना वेगाचे फारसे सोयरसुतक नसते, आणि राळ व घर्षण आपापल्या परीने बदलतात. त्यामुळे वेग वाढवल्यावर नळीचे ऊर्जाशोषण वाढते असे काही प्रयोग सांगतात, घटते असे काही, आणि प्रत्येक प्रयोग आपापल्या रचनेपुरता खरा असतो. म्हणून नमुन्यावर वजन पाडणारा मनोरा वापरतात. ५ मीटर उंचीवरून पडणारे वजन ताशी सुमारे ३६ किलोमीटर वेग गाठते. ताशी ५६ किलोमीटर हवे असतील तर मनोरा १२ मीटरहून उंच, म्हणजे चार मजली इमारतीएवढा लागेल, म्हणून त्यापुढे हवेच्या दाबाने ढकललेल्या गाड्या वापरतात. याहूनही वेगवान विकृतीसाठी बर्ट्रम हॉपकिन्सन यांच्या १९१४ मधल्या कल्पनेवरून हर्बर्ट कोल्स्की यांनी १९४९ मध्ये घडवलेली पद्धत आहे, जिच्यात दोन लांब धातुदंडांच्या मध्ये नमुना ठेवून एका दंडातून धक्क्याची लाट पाठवतात. वेगवान चाचणीत बल मोजणारे यंत्रही घंटेसारखे थरथरते, आणि ती थरथर आलेखातून किती गाळायची यावर पहिल्या सुळक्याची उंची कमीजास्त होते. म्हणून गाळणीचा दर्जाही मानकाने बांधून द्यावा लागतो.

दर नमुन्याचा आकडा थोडा निराळा येतो, आणि इथे सरासरीवर विसंबता येत नाही. विमानउद्योगाच्या हँडबुकातून आलेला एक दंडक असा आहे की १०० नमुन्यांपैकी ९० तरी ज्याच्या वर राहतील अशी ९५ टक्के खात्री आहे तोच आकडा आराखड्यात धरावा, आणि तो सरासरीपेक्षा चांगलाच खाली असतो. संगणकावर टक्कर घडवून इतके नमुने मोडण्याचा खर्च वाचेल अशी आशा वाजवी आहे, आणि पोलादाबाबत ती बरीचशी फळलीही आहे. या पदार्थाच्या प्रारूपांत मात्र चिरडणाऱ्या कडेजवळच्या थरांची ताकद किती कमी धरावी याचा एखादा गुणांक असा असतो, जो कोणत्याही पट्टीवर मोजता येत नाही, तर नळी चिरडून आलेल्या आलेखाशी जुळेपर्यंत बदलत राहावा लागतो. उत्तर आधी माहीत असेल तरच गणित सुटावे, असा हा प्रकार आहे.

भारतात पुढून टकरीसाठीचे एआयएस-०९८ हे मानक मोटारीला ताशी ५६ किलोमीटर वेगाने, रुंदीचा ४० टक्के भाग मऊ अडथळ्यावर येईल अशा रीतीने आदळवते, आणि ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप या ऐच्छिक मूल्यांकनात हा वेग ६४ किलोमीटर आहे. या मानकांच्या समितीचे सचिवालय पुण्यात, १९६६ मध्ये स्थापन झालेल्या एआरएआय या संस्थेकडे आहे. मोटार कशाची बनली आहे हे मानक विचारत नाही. आतल्या पुतळ्यांच्या डोक्याला, छातीला, मांडीला किती इजा झाली असती एवढे ते पाहते. पण परीक्षेला येणारी मोटार कोरी असते, आणि रस्त्यावरची तशी राहत नाही.

पोलादी तुळईला पोचा आला तर तो दिसतो. तंतूंच्या तुळईवर हातातून निसटलेला पाना पडला किंवा चाकाखालून उडालेला दगड लागला, तर पृष्ठावर जेमतेम ओरखडा दिसतो आणि आतमध्ये तळहाताएवढ्या भागातले थर सुटलेले असू शकतात. अशा तुळईची दाबातली ताकद घटते आणि ठरवलेल्या ठिकाणी सुरू व्हायचे चिरडणे भलत्याच ठिकाणी सुरू होण्याचा धोका राहतो. म्हणून नमुन्यावर आधी मोजून आघात करायचा आणि मग तो दाबून उरलेली ताकद पाहायची, अशी एक वेगळी चाचणी ठरलेली आहे. प्रयोगशाळेत सुटलेले थर श्राव्यातीत ध्वनीने शोधतात. कारखान्यात आणि दुरुस्तीच्या शेडमध्ये मात्र पहिली तपासणी अजूनही एका नाण्याने होते: पृष्ठावर टिचकी मारत पुढे सरकायचे, थर एकजीव असतील तिथे खणखणीत आवाज येतो, आणि सुटलेले असतील तिथे तडा गेलेल्या मडक्यासारखा बद्द.